वेब सेवांसमोर गेटवे बसवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पायवाट:

मंडळी, आमच्याकडे सहा वेब सेवा आहेत: ऑर्डर, ग्राहक, रिपोर्ट, फाइल अपलोड, सूचना पाठवणारी एक, आणि एक जुनी सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणारी) सेवा, जिला हात लावायला कुणी धजावत नाही. प्रत्येक सेवा वेगळ्या माणसाने वेगळ्या वेळी लिहिली, म्हणून प्रत्येकीचं कुलूप वेगळं. ऑर्डरला एपीआय की (रिक्वेस्टसोबत द्यायची गुप्त किल्ली) लागते, सोपला बेसिक ऑथ (नाव आणि पासवर्ड). ग्राहक आणि फाइल या दोघी जेडब्ल्यूटी (वापरणारा कोण हे सांगणारं, सही केलेलं टोकन) तपासतात, पण आपापल्या पद्धतीने. रिपोर्टवाली फक्त आयपीची यादी बघून आत घेते. सूचनांच्या सेवेला तर काहीच नाही, ती 'आतली' आहे म्हणून. वापरणारे म्हणाल तर आमचं मोबाइल अ‍ॅप आणि तीन भागीदारांच्या सिस्टिम.

गेल्या महिन्यात एका भागीदाराच्या स्क्रिप्टमध्ये लूप चुकला. ऑर्डरची स्थिती विचारणाऱ्या रिक्वेस्ट सेकंदाला शेकड्यांनी यायला लागल्या, डेटाबेसची कनेक्शनं संपली आणि सगळंच ठप्प झालं. खरा त्रास त्यापुढे होता. तिन्ही भागीदारांना आम्ही एकच की देऊन ठेवली होती. ती बंद केली असती तर काहीही चूक नसलेले दोघेही बाहेर पडले असते. फोनाफोनी करून तो स्क्रिप्ट थांबेपर्यंत आम्ही नुसते बघत बसलो.

म्हणून आता सगळ्या सेवांसमोर एक गेटवे, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी जिथून जाईल असं एकच दार, हवा आहे. मला पडलेले प्रश्न: साधा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुरेल का, की काँग, एपीसिक्स, एन्व्हॉय या गेटवे-साधनांपैकी काही घ्यावं? टोकनची तपासणी गेटवेवर करायची की सेवेत? आणि चालू कारभार न थांबवता हे बदलायचं कसं? टीम चार जणांची आहे.

कंदील:

कुठलं साधन घ्यायचं हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी दोन कामं करा. दोन्ही कंटाळवाणी आहेत, पण ती राहिली तर पुढचं सगळं फुकट जातं.

एक म्हणजे कोण कुणाला बोलावतं याची यादी. ती कागदपत्रांवरून करू नका, लॉगवरून करा. किमान ३५ दिवसांचे अ‍ॅक्सेस लॉग घ्या, म्हणजे महिन्यातून एकदाच धावणारी कामंही सापडतील. आम्ही ही यादी केली तेव्हा रात्री अडीचला येऊन ग्राहकांची अख्खी यादी उतरवून नेणारा एक वापरकर्ता सापडला. टीममध्ये कुणालाच त्याच्याबद्दल माहिती नव्हती. शेवटी तो आमचाच एक विसरलेला जॉब निघाला, पण ते कळेपर्यंतचे दोन दिवस फार वाईट गेले.

दुसरं काम मागच्या दाराचं. गेटवे बसवला, पण ऑर्डर सेवेचा जुना पत्ता बाहेरून तसाच उघडा राहिला, तर ज्याला तो पत्ता माहीत आहे तो गेटवेला वळसा घालून आत येणार. तुमच्या भागीदारांच्या कॉन्फिगमध्ये आज तोच पत्ता लिहिलेला आहे. तेव्हा सेवा फक्त खासगी नेटवर्कवर ऐकतील आणि फायरवॉल फक्त गेटवेकडून येणारी कनेक्शनं घेईल, अशी रचना शेवटी झालीच पाहिजे. जमलं तर गेटवे आणि सेवा यांच्यात दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र तपासणारं टीएलएस (कूटबद्ध जोडणी) लावा. आणि ती सूचनांची सेवा 'आतली' आहे असं तुम्ही लिहिलंय, ते बाहेरच्या मशीनवरून एकदा स्वतः तपासून बघा.

लॉगवाचक:

कंदील यांच्याशी सहमत. आता साधनांबद्दल.

सहा सेवा आणि चार वापरकर्ते एवढ्यासाठी एनजिनएक्स पुरतो. 'ऑथ_रिक्वेस्ट' मॉड्यूल वापरून प्रत्येक रिक्वेस्ट आधी तुमच्या छोट्या तपासणी-सेवेकडे विचारायला पाठवता येते. तिने २०० च्या घरातलं उत्तर दिलं तर रिक्वेस्ट पुढे जाते, ४०१ (ओळख पटली नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) दिलं तर तिथेच थांबते. 'लिमिट_रिक' ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट घ्यायच्या याची मर्यादा घालतं. कॉन्फिग ही एक मजकूर फाइल असते, ती गिटमध्ये ठेवा, बदलाचा रिव्ह्यू करा, रीलोड करा.

दोन खाचाखोचा मात्र सांगून ठेवतो, यात मी स्वतः बराच वेळ घालवलाय. मर्यादा ओलांडल्यावर एनजिनएक्स मुळात ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतो. योग्य कोड ४२९ (फार जास्त रिक्वेस्ट) आहे, तो वेगळा सेट करावा लागतो. ५०३ पाहून समोरच्याला वाटतं सर्व्हर पडला, आणि तो आणखी जोरात प्रयत्न करत राहतो. दुसरी खोच म्हणजे 'सेकंदाला १०' असं लिहिलं की तो प्रत्यक्षात दर १०० मिलीसेकंदाला एक असा हिशेब लावतो. मोबाइल अ‍ॅपची एखादी स्क्रीन उघडताना चार रिक्वेस्ट एकदम सुटतात, त्यातली एक आत जाते आणि तीन नाकारल्या जातात. त्यासाठी 'बर्स्ट' (एकदम चालतील अशा जादा रिक्वेस्टचा आकडा) द्या आणि रांगेत थांबवायचं नसेल तर 'नोडिले'. अंदाज येत नसेल तर १.१७.१ पासून 'ड्राय रन'ची सोय आहे: मर्यादा मोजली जाते, लॉगमध्ये नोंदही होते, पण कुणाला अडवलं जात नाही. पहिले दोन आठवडे तसंच चालवा.

काँग एनजिनएक्सवरच उभा आहे, २०१५ मध्ये मुक्त स्रोत झाला. त्यात सेवा, राउट (कुठला पत्ता कुठल्या सेवेकडे जातो ते), कन्झ्युमर (वापरणारा) आणि प्लगइन ही भाषा आधीच तयार मिळते. तुमचं दुखणं 'तिघांना एकच की' हे आहे, आणि कन्झ्युमर ही कल्पना नेमकी त्यासाठीच आहे: प्रत्येकाची वेगळी की, वेगळी मर्यादा, एकाला बंद केलं तरी बाकीचे चालू. डेटाबेसशिवाय, नुसत्या एका फाइलवरही तो चालतो. येणारी रहदारी मुळात ८००० पोर्टवर घेतो आणि व्यवस्थापनाचा एपीआय ८००१ वर असतो. ते दुसरं पोर्ट कधीही बाहेर उघडू नका. ज्याच्या हाती ते लागलं, तो सगळे राउट बदलू शकतो. गेटवे कोणताही असो, त्याच्या व्यवस्थापनाच्या दाराला हाच नियम लावा.

एपीसिक्स मुळात आपलं कॉन्फिग एटसीडी या वेगळ्या डेटा-साठ्यात ठेवतो, म्हणजे चालवायला आणखी एक गोष्ट आली. एन्व्हॉय फार ताकदीचा आहे, पण त्याचं कॉन्फिग हाताने लिहिणं चार जणांच्या टीमला जड जाईल असं माझं मत.

पायवाट:

कंदील, आत्ताच मोबाइलच्या नेटवरून तपासलं. सूचनांची सेवा बाहेरून उघडत होती. कुठलीही की न देता कुणीही आमच्या नावाने संदेश पाठवू शकलं असतं. आज दुपारीच बंद केली. मनापासून आभार.

पुढचा प्रश्न. गेटवेने जेडब्ल्यूटी तपासलं आणि 'एक्स-यूजर-आयडी' हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) वापरकर्त्याचा क्रमांक पुढे पाठवला, तर सेवांमधला तपासणीचा कोड काढून टाकता येईल ना? तो प्रत्येक सेवेत वेगळा आहे आणि त्याचाच सगळ्यात जास्त वैताग आहे.

उंबरठा:

इथे जरा थांबा. मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

सेवेत आज दोन वेगवेगळ्या तपासण्या एकमेकींत मिसळलेल्या असतील. पहिली: हा माणूस कोण, त्याचं टोकन खरं आहे का. दुसरी: या माणसाला ही वस्तू बघायचा हक्क आहे का. पहिली खुशाल गेटवेवर न्या. दुसरी गेटवेला करताच येत नाही. '४२ क्रमांकाची ऑर्डर दाखव' अशी रिक्वेस्ट आली तर टोकन अस्सल आहे एवढं गेटवेला कळतं. ऑर्डर ४२ त्याच ग्राहकाची आहे का, हे फक्त ऑर्डर सेवेच्या डेटाबेसला माहीत असतं. कोड काढण्याच्या भरात ही तपासणीही उडाली, तर कुठलाही लॉगिन केलेला ग्राहक क्रमांक बदलत बदलत सगळ्यांच्या ऑर्डरी वाचेल. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने एपीआय सुरक्षेतल्या मोठ्या १० धोक्यांची यादी २०१९ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली. दोन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर हाच दोष आहे. त्यामुळे सेवेतली एकही ओळ काढण्याआधी ती या दोनांपैकी कुठल्या तपासणीची आहे, हे बघा.

आता हेडरबद्दल. 'एक्स-यूजर-आयडी' बाहेरूनही कुणी लिहून पाठवू शकतो. बाहेरून आलेलं त्या नावाचं हेडर गेटवेने आधी काढून टाकायचं आणि मग स्वतःचं घालायचं. हे सगळ्या राउटवर व्हायला हवं, उघड्या राउटवरसुद्धा. एखादा राउट चुकून सुटला तर तिथून कुणीही कुणाच्याही नावाने आत येईल. शक्य असेल तर मूळ टोकनच पुढे पाठवा आणि सेवेला एका सामायिक लायब्ररीने ते पुन्हा पडताळू द्या. सही तपासायला फार वेळ लागत नाही, आणि उद्या मागचं दार चुकून उघडं राहिलं तरी सेवा अगदी उघडी पडत नाही.

जेडब्ल्यूटी तपासताना नुसती सही बघून थांबू नका. कुठला अल्गोरिदम चालेल हे गेटवेच्या कॉन्फिगमध्ये ठरलेलं असावं, टोकनच्या हेडरवर विश्वासून ठरवू नये. 'नन' असं लिहिलेली, सहीच नसलेली टोकनं स्वीकारणाऱ्या लायब्ररी होऊन गेल्या आहेत. टोकन कुणी दिलं, कुणासाठी दिलं आणि कधी संपतं, हे तिन्ही तपासा. यातलं 'कुणासाठी' हे सर्रास राहून जातं, आणि मग एका सेवेसाठी दिलेलं टोकन दुसरीकडेही चालतं. सर्व्हरांच्या घड्याळांत थोडा फरक असतोच, त्यासाठी ३० ते ६० सेकंदांची सूट ठेवा.

आणि एक: जेडब्ल्यूटी दिलं की ते संपेपर्यंत चालतं, अधेमधे रद्द करण्याची सोय त्याच्यात नसते. म्हणून त्याचं आयुष्य लहान ठेवा, १०-१५ मिनिटांचं, आणि नवं घेण्यासाठी रिफ्रेश टोकन. भागीदारांच्या सिस्टिमना ओऑथ २ (टोकन देण्याची प्रमाणित पद्धत) मधला 'क्लायंट क्रेडेन्शियल्स' हा प्रकार योग्य, कारण तिथे माणूस नसतोच.

निरंक:

चर्चा चांगली चालली आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. आज सहा सेवांपैकी एक पडली तर पाच चालतात. सगळ्यांसमोर एकच गेटवे ठेवला आणि तो पडला की सहाही गेल्या. त्यामुळे गेटवेच्या किमान दोन प्रती, वेगवेगळ्या मशीनवर, आणि त्यांच्यापुढे रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर, ही पहिल्या दिवसाची गरज आहे. ती 'नंतर बघू' या यादीत टाकू नका.

दोन प्रती झाल्या की मर्यादेचा हिशेब बदलतो. प्रत्येक प्रत आपापलं मोजत असेल तर मिनिटाला १०० ची मर्यादा प्रत्यक्षात २०० पर्यंत जाते. नेमकी मोजणी हवी असेल तर मोजमाप रेडिससारख्या सामायिक जागी ठेवावं लागतं. मग रेडिस पडला तर काय करायचं, हे आधी ठरवा. सगळ्यांना आत सोडायचं की सगळ्यांना अडवायचं? माझ्या मते मर्यादा मोजता येत नसेल तर सोडावं, पण ओळख तपासता येत नसेल तर अडवावं. आणि हे कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं.

मोजण्याच्या पद्धतीतही फसगत होते. 'दर मिनिटाला १००' हे घड्याळाच्या मिनिटाप्रमाणे मोजलं, तर कुणी ५९व्या सेकंदाला १०० आणि पुढच्याच सेकंदाला आणखी १०० पाठवू शकतो, म्हणजे दोन सेकंदांत २००. टोकन बादलीची पद्धत त्याहून बरी. बादलीत ५० टोकनं मावतात, सेकंदाला १० भरली जातात, प्रत्येक रिक्वेस्ट एक उचलते. शांत बसलेल्याला एकदम ५० चा झटका देता येतो, नंतर मात्र त्याला १० च्याच वेगाने चालावं लागतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. गेटवे सोयीचा असतो, म्हणून हळूहळू सगळं तिथेच टाकलं जातं. 'या भागीदाराला हे फील्ड नको, तिथेच काढ', 'त्या ग्राहकाला सवलत आहे, तिथेच बघ'. दोन वर्षांनी धंद्याचे निम्मे नियम गेटवेच्या स्क्रिप्टमध्ये सापडतात, त्यांना टेस्ट नसतात आणि तिथे बदल करायला सगळे घाबरतात. मी असा गेटवे सांभाळलाय आणि तो सोडवायला आठ महिने लागले. ओळख, मर्यादा, राउट, लॉग, टीएलएस या पाचांपलीकडचं काहीही तिथे येऊ देऊ नका.

जुनी वही:

निरंक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००.

सोप आणि फाइलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून भर घालते. एनजिनएक्समध्ये रिक्वेस्टच्या आकाराची मर्यादा मुळात १ एमबी असते. फाइल अपलोड गेटवेमागे नेलं की मोठ्या फाइलींना ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) यायला लागतो, आणि सेवेच्या लॉगमध्ये काहीच दिसत नाही, कारण रिक्वेस्ट तिथवर पोहोचतच नाही. फक्त त्या एका राउटवर मर्यादा वाढवा, सगळीकडे नको.

रिपोर्टसाठी टाइमआउट बघा. मागच्या सेवेच्या उत्तराची वाट मुळात ६० सेकंद पाहिली जाते, मग ५०४ (वेळेत उत्तर नाही). एखाद्या रिपोर्टला दोन मिनिटं लागत असतील तर आकडा वाढवत नेऊ नका. सेवेने लगेच २०२ देऊन 'काम घेतलं, या पत्त्यावर विचारा' असं सांगावं. तयार क्लाउड गेटवे घ्यायचा विचार असेल तर हे आधीच करावं लागेल. अ‍ॅमेझॉनच्या एपीआय गेटवेची मूळ मर्यादा २९ सेकंद आहे.

पुनर्प्रयत्नांचं फार जपून. गेटवेने उत्तर आलं नाही म्हणून 'पोस्ट' प्रकारची (डेटा पाठवणारी) रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, आणि पहिली खरं तर पोहोचली होती, तर एकाच्या दोन ऑर्डरी होतात. एनजिनएक्स १.९.१३ पासून पोस्ट आपणहून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवत नाही, पण बाकी साधनांत हे तपासून घ्या. सोपमध्ये तर वाचणं काय आणि लिहिणं काय, साधारणपणे सगळं पोस्टच असतं, तेव्हा तिथे पुनर्प्रयत्न पूर्ण बंद ठेवा.

ब्राउझरवरून कुणी वापरणार असेल तर आणखी एक. वेगळ्या डोमेनवर टोकनसह रिक्वेस्ट करण्याआधी ब्राउझर 'ऑप्शन्स' प्रकारची एक चौकशी पाठवतो आणि तिच्यात टोकन नसतं. गेटवे तिलाही ४०१ देतो आणि वेबसाइट बंद पडते, मोबाइल अ‍ॅप मात्र व्यवस्थित चालत राहतं. एका टीमला मी यावर दोन दिवस डोकं फोडताना पाहिलंय. ऑप्शन्सला टोकनच्या तपासणीतून वगळा.

पायवाट, साडेतीन आठवड्यांनी:

उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

काँग घेतला, डेटाबेसशिवाय, दोन प्रती, कॉन्फिग गिटमध्ये. एनजिनएक्सने काम झालं असतं हे खरं, पण कन्झ्युमरची सोय स्वतः लिहायची नव्हती. तिन्ही भागीदारांना वेगळ्या की दिल्या. की फक्त हेडरमध्ये घेतो. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर की चिकटवायची जुनी सवय बंद केली, कारण त्या सगळ्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये उघड्या पडलेल्या सापडल्या.

काय काय अडलं तेही सांगतो, पुढच्याला उपयोग होईल. पहिल्याच दिवशी रिपोर्ट सेवा सगळ्यांना ४०३ द्यायला लागली. ती आयपीची यादी बघते, आणि आता तिला सगळ्या रिक्वेस्ट गेटवेच्याच आयपीवरून दिसत होत्या. घाईत मी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या, रिक्वेस्ट कुठल्या आयपींवरून आली ते सांगणाऱ्या हेडरमधला पहिला आयपी घ्यायला सांगितलं. सुदैवाने टीममधल्या एकीने रिव्ह्यूमध्येच पकडलं: तो पहिला आयपी पाठवणारा हवा तसा लिहू शकतो. मग उजवीकडून मोजत, आपल्या विश्वासातले प्रॉक्सी वगळून जो पहिला पत्ता उरतो तो घेतला. पुढच्या आठवड्यात आयपीची यादीच काढून तिथेही टोकन लावलं.

दुसरं, ग्राहक सेवेला सगळीकडे ४०४. काँग राउटशी जुळलेला मार्गाचा भाग मुळात कापून टाकतो आणि आमच्या सेवेला पूर्ण मार्ग हवा होता. एका ओळीचं कॉन्फिग, पण सापडायला अर्धा दिवस.

उंबरठा यांच्या पोस्टमुळे सेवांमधला कोड ओळ न ओळ वाचला. फाइल सेवेत मालकीची तपासणी मुळातच नव्हती. लॉगिन केलेला कुणीही क्रमांक टाकून कुणाचीही फाइल उतरवू शकत होता. गेटवे बसवून आम्ही निर्धास्त झालो असतो आणि हे तसंच राहिलं असतं. ते आधी दुरुस्त केलं.

मर्यादेची परीक्षाही झाली. त्याच भागीदाराचा स्क्रिप्ट मागच्या मंगळवारी पुन्हा बेफाम झाला. त्याला ४२९ मिळत राहिले, बाकीच्यांना पत्ताही लागला नाही.

आता राहिलं एकच. जुनी सामायिक की अजून चालू आहे. तिघांपैकी दोघे नव्यावर आले, तिसरा ईमेलला उत्तर देत नाही. तारीख जाहीर करून सरळ बंद करू का?

कंदील:

सरळ बंद करू नका. आधी त्या कीवर येणाऱ्या प्रत्येक उत्तराला 'सनसेट' हेडर लावा, त्यात बंद होण्याची तारीख. त्यासाठी २०१९ पासून आरएफसी ८५९४ हा इंटरनेटच्या पद्धती सांगणारा दस्तऐवज आहे. पण हेडर वाचणारे थोडेच, म्हणून पुढचं जास्त उपयोगी: एक दिवस सकाळी कामाच्या वेळेत, तुमची माणसं जागेवर असताना, ती की फक्त १५ मिनिटं बंद करा आणि परत सुरू करा. उत्तरात नवी की कुठे मागायची ते लिहा. दोन दिवसांनी एक तास. ईमेलकडे न बघणारे लोक बंद पडलेल्या कामाकडे लगेच बघतात, आणि तोवर कुणाचं मोठं नुकसान झालेलं नसतं.

लॉगवाचक:

आणि ४२९ सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर जातंय का तेही बघा. किती सेकंदांनी परत यावं हे सांगितलं तर निदान नीट लिहिलेले क्लायंट तेवढं थांबतात.

पायवाट:

ते जात होतं. भागीदाराच्या स्क्रिप्टमध्येच ते वाचलं जात नव्हतं, त्यांना कोडसकट कळवलं आणि त्यांनी दुरुस्त केलं.

की आज सकाळी ११ वाजता १५ मिनिटं बंद केली. ११ वाजून ६ मिनिटांनी तिसऱ्या भागीदाराचा फोन आला. नवी की त्यांना पाठवली आहे, चाचणी झाली की इथे कळवतो.